आभासी सृष्टि आणि शिक्षकाचें मेज

डोळ्यांवर एक जाडसा चष्मा बांधावा, कानांवर ध्वनियंत्र घ्यावें, आणि क्षणार्धांत आपण शाळेच्या बाकावर नसून समुद्राच्या तळाशीं, मनुष्याच्या हृदयाच्या कप्प्यांत किंवा चंद्राच्या पृष्ठभागावर उभे आहों असें वाटावें, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं एव्हांना एखाद्या प्रदर्शनांत अनुभविली असेल. या यंत्रनिर्मित जगास इंग्रजींत 'व्हर्च्युअल वर्ल्ड' म्हणतात. मराठींत 'आभासी सृष्टि' हा शब्द आतां रुळला आहे. असे चष्मे आपल्या शाळेंत केव्हां येणार, हा प्रश्न पालक आम्हांस वारंवार विचारतात; विद्यार्थी तर तो रोजच विचारतात. प्रश्न पैशाचा आहे, पण त्याहून अधिक तो मुलांच्या वेळाचा व डोळ्यांचा आहे. म्हणून 'होय' किंवा 'नाहीं' एवढ्या एका शब्दांत त्याचें उत्तर देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. या सृष्टींत पुष्कळ शिकवितां येतें असें आमचें मत आहे. मात्र तेथें शिकवितो कोण, याविषयीं लोकांची समजूत बहुधा चुकीची असते असेंहि आमचें मत आहे. तें कशावरून बनलें हें सांगावयाचें तर थोडें मागें जावयास हवें.

खोट्या वस्तूवर हात बसवून मग खऱ्या वस्तूस हात घालावा, ही कल्पना कांहीं आजची नव्हे. फ्रान्स देशांत १७५९ सालीं पंधराव्या लुई राजानें मादाम द्यु कुद्रे नांवाच्या सुइणीस खेड्यापाड्यांतील बायकांना सुइणीचें काम शिकविण्याची सनद दिली. ही बाई कापडाची व चामड्याची केलेली स्त्रीदेहाची प्रतिकृति आणि तिच्या पोटांतील कापडाचें मूल बरोबर घेऊन गांवोगांव हिंडे, आणि अडलेलें मूल कसें वळवावें हें त्या बाहुलीवर बायकांच्या हातून करवून घेई. पुढें १९६० सालीं नॉर्वेंतील आस्मुंड लेर्डाल या खेळणीं करणाऱ्या कारखानदारानें, श्वास थांबलेल्या मनुष्यास तोंडानें श्वास कसा द्यावा हें शिकविण्यासाठीं माणसाएवढी बाहुली तयार केली. प्रथमोपचाराच्या वर्गांतून तिचीं भावंडें आजहि दिसतात.

आजच्या आभासी सृष्टीचा थेट पूर्वज मात्र एका ऑर्गनच्या कारखान्यांत जन्मास आला. गाण्याच्या तासाला आपण जी पेटी ऐकतों तिच्या भात्याचें काम मुलांस ठाऊक आहे. ऑर्गन हें त्या पेटीचेंच थोरलें भावंड. अमेरिकेंत न्यू यॉर्क राज्यांतील बिंगहॅम्टन या गांवीं एडविन लिंक नांवाच्या तरुणाच्या वडिलांचा असा कारखाना होता. तेथील भाते, नळ्या व झडपा घेऊन या तरुणानें १९२९ च्या सुमारास एक लुटुपुटूचें विमान बनविलें. त्याला आंखूड पंख होते आणि आंत एका माणसास बसण्यापुरती जागा होती. दांडा हलविला कीं भाते फुगत व मिटत, आणि तें विमान आपल्या जागींच डुले, कले व गरगर फिरे. खऱ्या विमानांतील धडे अतिशय महाग असत, तेव्हां निदान सुरुवातीचा अभ्यास जमिनीवर करतां यावा, एवढाच त्यामागचा हेतु. उड्डाण शिकविणाऱ्या लोकांनीं त्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. पहिलीं बहुतेक यंत्रें करमणुकीच्या बागांतून, पाळण्यांच्या व चक्रांच्या शेजारीं जाऊन बसलीं.

मग १९३४ चा फेब्रुवारी उजाडला. अमेरिकन सरकारनें विमानानें टपाल नेण्याचें काम खासगी कंपन्यांकडून काढून सैन्याच्या वैमानिकांकडे दिलें. उघड्या आकाशांत जमीन पाहून उडण्यांत हे लोक तरबेज होते. परंतु हिवाळ्याच्या रात्रीं, धुक्यांत व बर्फांत, केवळ समोरच्या कांट्यांकडे पाहून विमान चालविण्याची संवय त्यांस नव्हती. थोड्याच आठवड्यांत सुमारें डझनभर माणसें प्राणांस मुकलीं. याचें कारण विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखें आहे. आपला तोल संभाळणारें इंद्रिय कानाच्या आंतल्या भागांत असतें, आणि ढगांत शिरलेल्या माणसास तें फसवितें. विमान हळूहळू एका अंगावर कललें तर आपण सरळच आहों असें तें सांगतें. विमान पुन्हां सरळ केलें म्हणजे उलट आपण कललों असें वाटूं लागतें. अशा वेळीं कानावर भरंवसा न ठेवतां कांट्यावर ठेवावयाचा, हा धडा पुस्तकांतून पाठ होतो, पण अंगांत मुरत नाहीं. आणि खऱ्या ढगांत तो शिकावयास गेलेला विद्यार्थी दुसऱ्या दिवशीं वर्गांत हजर राहीलच असा नियम नाहीं. सैन्यानें त्याच वर्षीं लिंकचीं सहा यंत्रें प्रत्येकीं ३,५०० डॉलर देऊन विकत घेतलीं. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अशा हजारों यंत्रांवर सुमारें ५ लक्ष लोकांनीं उड्डाणाचें शिक्षण घेतलें.

या यंत्राचें चित्र पाहिलें कीं कोणाचेंहि लक्ष त्या छोट्या विमानाकडे जातें. आम्ही वाचकांस विनंति करूं कीं, त्यांनीं शेजारच्या मेजाकडे पाहावें. विद्यार्थी आंत बसला कीं वरचें झांकण लावून घेत. त्यास बाहेरचें कांहींच दिसत नसे. बाहेर मेजाशीं शिक्षक बसलेला असे. मेजावर नकाशा पसरलेला, आणि त्या नकाशावर तीन चाकांची एक लहानशी गाडी. तिला 'खेंकडा' असें गमतीचें नांव होतें. विद्यार्थी आंतून जसजसें विमान चालवी, तसतसा हा खेंकडा नकाशावर सरकत शाईची रेघ ओढीत जाई. शिक्षक बोलण्याच्या यंत्रांतून सूचना देई, वाऱ्याची दिशा बदली, मध्येंच खळबळ उत्पन्न करी. तास संपला कीं झांकण उघडे, विद्यार्थी घाम पुसत बाहेर येई, आणि गुरुशिष्य दोघेहि त्या रेघेवर वांकत. या ठिकाणीं वळण उशिरां घेतलेंस. येथें उतरण्याची वाट सोडून डोंगराच्या अंगावर गेलास. तें कां झालें, सांग बरें! विमान जागचें हललें नव्हतें, कोणास खरचटलें नव्हतें, पण चूक कागदावर राहिली होती व ती दोघांस दिसत होती. आम्हांस जें शिक्षण म्हणावयाचें आहे तें या मेजावर झालें.

अलीकडचे दोन दाखले हीच गोष्ट सांगतात असें आम्हांस वाटतें. पहिला शस्त्रवैद्यकांतला आहे. अमेरिकेंतील येल विद्यापीठांत केलेला एक प्रयोग २००२ सालीं प्रसिद्ध झाला. १६ शिकाऊ शस्त्रवैद्यांचे दोन गट केले. एका गटास नेहमींचें शिक्षण मिळालें. दुसऱ्यास त्याशिवाय पडद्यावरील आभासी देखाव्यांत उपकरणें चालविण्याचा सराव दिला, आणि अनुभवी शस्त्रवैद्यांनीं घालून दिलेल्या पातळीस पोंचेपर्यंत तो सराव थांबविला नाहीं. मग सर्वांनीं खऱ्या रोग्यांवर, दुर्बिणीच्या साह्यानें पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेंत भाग घेतला. सराव केलेल्यांनीं आपलें काम २९ टक्के लवकर उरकलें. आणि सराव न केलेल्यांच्या हातून पित्ताशयास इजा होण्याचा किंवा भलताच भाग भाजला जाण्याचा संभव पांचपट अधिक दिसला. ज्या रोग्यावर हे हात चालले, त्याच्या दृष्टीनें हा फरक लहान नव्हे.

दुसरा दाखला याच्या उलट दिसतो. कोपनहेगन विद्यापीठांतील एका संशोधकानें आपल्या सहकाऱ्यांसह केलेला हा प्रयोग २०१९ सालीं छापला गेला. ५२ विद्यार्थ्यांस विज्ञानप्रयोगशाळेचा आभासी धडा दिला. तोच धडा एकदां साध्या संगणकाच्या पडद्यावर व एकदां डोळ्यांस चष्मा बांधून. चष्म्यांत विद्यार्थ्यांस आपण प्रत्यक्ष तेथें आहों असें अधिक वाटलें, परंतु शिकले ते कमी. डोळ्यांपुढें इतकें कांहीं होतें कीं, जें लक्षांत ठेवावयाचें तें त्या गर्दींत हरवलें. वैमानिकास ढगांतील भास हवाच असतो, कारण त्या भासाशींच त्याला झुंजावयाचें आहे. शस्त्रवैद्यास हाताची संवय हवी असते. पण पेशींतील घटकांचीं कार्यें समजून घेणाऱ्या मुलीला पेशीच्या आंत उभें राहून काय मिळतें, हें आधीं सांगतां आलें पाहिजे. तें सांगतां येत नसेल तर फळ्यावरची आकृति बरी. आमच्यापैकीं कांहीं शिक्षकबंधूंस हें बोलणें जुनाट वाटेल. वाटो.

आणखी एक गोष्ट आहे, आणि आमच्या मतें या सर्व विषयांत तीच अधिक गंभीर आहे. आभासी सृष्टींत करणाऱ्यानें जेवढें घातलें तेवढेंच असतें, आणि त्यानें चुकीचें घातलें असेल तर तें चुकीचेंच शिकविलें जातें. १२ नोव्हेंबर २००१ रोजीं न्यू यॉर्कहून सांतो दोमिंगोकडे निघालेलें अमेरिकन एअरलाइन्सचें ५८७ क्रमांकाचें विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळांत कोसळलें. विमानांतील २६० व जमिनीवरील ५ माणसें मृत्यु पावलीं. पुढें गेलेल्या एका मोठ्या विमानाच्या पाठीमागें हवेंत जे भोंवरे उठतात, त्यांत हें विमान सांपडलें होतें. धक्का तसा भयंकर नव्हता. परंतु सहवैमानिकानें शेपटीवरचें सुकाणू पायानें पूर्णपणें एका बाजूस व लगेच दुसऱ्या बाजूस असें पुनःपुन्हां दाबलें, आणि त्या ताणानें शेपटीचा उभा पंखच तुटून पडला. चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळानें २००४ सालीं जो निर्णय दिला, त्यांत सुकाणूच्या पट्ट्यांची फारच हळवी रचना हें जसें एक साहाय्यक कारण सांगितलें, तसेंच वैमानिकांस दिलेलें शिक्षण हेंहि सांगितलें. त्या शिक्षणांतील एका आभासी पाठांत भोंवऱ्यांत सांपडलेलें विमान खऱ्यापेक्षां कितीतरी अधिक कलंडतांना दाखवीत. शिवाय तें बरेंच कलंडेपर्यंत वैमानिकाच्या हातापायांचें कांहीं चालूं नये अशी यंत्रांत योजना होती. अशा पाठांतून निघालेला मनुष्य काय शिकला? भोंवरा म्हणजे मोठें संकट, आणि सारा जोर लावल्याशिवाय विमान ऐकत नाहीं, असा चुकीचा समज त्याच्या मनांत ठसला असण्याचा संभव मंडळानें दाखविला. पाठ देणाऱ्यांचा हेतु चांगलाच होता. म्हणून आम्ही म्हणतों कीं, मेजाशीं बसणाऱ्या माणसास खरें आकाश ठाऊक असलें पाहिजे, आणि यंत्र कोठें खोटें बोलतें हेंहि ठाऊक असलें पाहिजे.

शाळेंतील उदाहरण याहून साधें आहे. नववी ते बारावीच्या मुलांसाठीं अमृता विश्वविद्यापीठ व मुंबईची सी-डॅक ही संस्था यांनीं मिळून 'ओ-लॅब्ज' नांवाची आभासी प्रयोगशाळा तयार केली आहे. ओहमच्या नियमाचा प्रयोग तींत करतां येतो. जेथें प्रयोगाचें सामानच नाहीं अशा खेड्यांतील शाळेस हिचा मोठा आधार आहे, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीं घरीं बसून प्रयोग आठवूं पाहणाऱ्या मुलासहि आहे. तिचा उपयोग करूं नये असें आम्ही कधींच म्हणणार नाहीं. परंतु आमच्या प्रयोगशाळेंत जो मुलगा पहिल्या प्रथम विद्युत्परिपथ जोडतो, त्याचा अमीटरचा कांटा जागचा हलत नाहीं. मग तो घटाकडे पाहतो, चावीकडे पाहतो, एकेक जोड चिमटीनें दाबून पाहतो, आणि पंधरा मिनिटांनीं त्यास कळतें कीं, तारेच्या टोकावरचें वेष्टन खरवडावयाचें राहिलें आहे. दुसऱ्या मुलीचा कांटा हलतो तो उलट्या बाजूस. तिसऱ्याचे बिंदु आलेखावर सरळ रेषेंत येत नाहींत, आणि तो शेजाऱ्याचे आंकडे उतरून घेण्याच्या विचारांत असतो. पडद्यावरची तार कोणी मुद्दाम तशी योजना केल्यावांचून सैल होत नाहीं, आणि तिच्या टोकावर लाखेचा थर नसतो. वस्तूचा हा हट्टीपणा ज्यानें पाहिला नाहीं, त्यास नियम येईल. तारतंत्री कसा दिवसभर राबतो हें मात्र कळणार नाहीं.

आमच्या पालकांपैकीं पुष्कळजण कारखान्यांतून कामास आहेत. त्यांस आम्ही बोलतों त्याची पारख अधिक. वेल्डिंग शिकविणारीं आभासी यंत्रें आतां निघालीं आहेत: हातांत खऱ्यासारखी मूठ, तोंडावर मुखवटा, आणि मुखवट्याच्या आंत वितळणाऱ्या लोखंडाचें चित्र. हात किती वेगानें सरकला, कोन किती राहिला, हें यंत्र तत्काळ सांगतें. पत्रे व सळया फुकट जात नाहींत, नवशिक्याचे डोळेहि वांचतात. पहिले कांहीं आठवडे अशा यंत्रावर जावेत हें योग्यच. पण वैशाखांत पत्र्याच्या छपराखालीं, मान अवघडलेली असतां, डोक्यावरच्या पाइपाचा सांधा भरणें आणि ठिणगी बाहींत शिरली तरी हात न हलविणें, हें ज्यानें त्यानें उस्तादाच्या शेजारीं उभें राहूनच शिकावयाचें. मोठमोठ्या दुकानदार कंपन्याहि या मार्गास लागल्या आहेत. अमेरिकेंतील वॉलमार्ट कंपनीनें २०१८ सालीं सुमारें १७,००० चष्मे आपल्या दुकानांत पाठवून १० लक्षांहून अधिक नोकरांस त्यांवर शिकविण्याचें जाहीर केलें. सणासुदीच्या विक्रीची झुंबड नव्या नोकरानें आधीं चष्म्यांत पाहावी, हा त्यांतील एक पाठ.

कांहीं विद्यापीठांनीं तर आभासी सृष्टींत घरेंच बांधलीं. २००३ सालीं 'सेकंड लाइफ' नांवाचें एक जग संगणकावर उघडलें. हार्वर्डच्या कायद्याच्या विद्यालयानें २००६ सालीं तेथें एक वर्ग चालविला, आणि मग इतर कित्येक संस्थांनीं तेथें व्याख्यानगृहें, ग्रंथालयें, बाकांच्या रांगा असें सारें उभारलें. जेथें पाऊस पडत नाहीं तेथें छपरें घातलीं, आणि जेथें कोणाचे पाय दुखत नाहींत तेथें खुर्च्या मांडल्या! जमीन मात्र भाड्याची होती. शिक्षणसंस्थांस निम्म्या दरानें मिळणारी सवलत बंद होणार असें चालक कंपनीनें २०१० सालीं जाहीर केलें, तेव्हां पुष्कळांनीं गांव सोडलें. सवलत पुढें परत आली, पण उठून गेलेलीं बिऱ्हाडें सगळीं परतलीं नाहींत.

भाड्याचा विषय निघाला म्हणून शाईच्या त्या रेघेविषयीं आणखी दोन शब्द. लिंकच्या यंत्रांत ती रेघ शिक्षकाच्या मेजावर राही. आजचा चष्माहि रेघ ओढतो, आणि ती फार बारीक असते: मान किती वळली, हात कोठें गेला, कांहीं चष्म्यांत तर दृष्टि कशावर किती वेळ खिळली. या विषयाच्या एका अमेरिकन अभ्यासकानें २०१८ सालीं असा हिशेब मांडला कीं, वीस मिनिटांत अशा जवळजवळ २० लक्ष नोंदी होतात. त्या शिक्षकाकडे येतात कीं चष्मा विकणाऱ्या कंपनीकडे जातात, हें विकत घेण्यापूर्वीं विचारलें पाहिजे. आपल्या देशाच्या २०२३ सालच्या व्यक्तिगत माहितीच्या कायद्यांत, अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास पालकांची पडताळलेली संमति लागेल अशी तरतूद आहे. तेव्हां पालकहो, शाळेकडून एखादा छापील कागद सहीसाठीं घरीं आला तर तो वाचल्याशिवाय सही करूं नये. आम्हींच तो पाठविला असला तरी करूं नये.

प्रकृतीचाहि विचार आहे. चष्म्यांत डोळा सांगतो आपण चाललों, आणि कानांतील तें इंद्रिय सांगतें आपण बसलों आहों. या भांडणांत कित्येकांस मळमळतें व घेरी येते. मेटा कंपनीनें २०२३ सालीं आपल्या चष्म्यांसाठीं असलेली तेरा वर्षांची मर्यादा, पालकांच्या देखरेखीच्या अटीवर, दहा वर्षांवर आणली. कंपनीनें परवानगी दिली म्हणून ती आम्हांवर बंधनकारक आहे असें आम्ही समजत नाहीं.

शाळेच्या चालकांपुढें आम्हीं अशी सूचना ठेविली आहे कीं, वीस चष्मे न घेतां एकच घ्यावा, आणि चष्मा घातलेल्या विद्यार्थ्यास जें दिसतें तें सर्व वर्गास भिंतीवर दिसेल अशी सोय त्याबरोबर घ्यावी. एकानें दहा मिनिटें आंत जावें. बाकीच्यांनीं वही घेऊन तो कोठें गेला, काय पाहिलें, काय पाहावयाचें राहिलें, हें टिपावें. आणि तो बाहेर आला कीं सर्वांनीं मिळून त्याची उलटतपासणी घ्यावी. शिक्षकानें तो पाठ आधीं स्वतः दोनदां करून, त्यांत खोटें काय आहे याची यादी खिशांत ठेवावी. उरलेल्या रकमेंतून प्रयोगशाळेसाठीं अमीटर, व्होल्टमीटर व जोडतारा घ्याव्यात, कारण सध्यां एका परिपथाभोंवतीं सहा मुलें उभीं राहतात आणि कांटा दोघांसच दिसतो. चष्म्याचा पाठ प्रथम नववी-दहावीच्या वर्गांसाठीं शनिवारीं ठेवावा. आठवीच्या विद्यार्थ्यांनीं मात्र तूर्त धीर धरावा. नव्या तारा आल्या म्हणजे त्यांचीं टोकें खरवडावयास आम्हांस पुष्कळ हात लागणार आहेत.